आधी परतीची वाट

ज्या रविवारी मी केंब्रिजहून ईलीला सायकलने गेलो, त्या दिवशी आपण फार तगडे सायकलस्वार आहोत असा माझा पक्का समज झाला होता. फेन्सचा तो सगळा प्रदेश परातीसारखा सपाट. दोन्ही बाजूंना काळीभोर माती, फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ पाट आणि क्षितिजावर ईलीच्या कॅथीड्रलचा मनोरा. पायडल नुसती फिरत होती. दुपारी पोहोचलो, चहा झाला, कॅथीड्रल पाहिलं आणि आता गाडीत तंगड्या पसरून घरी जायचं म्हणून स्टेशनवर आलो. रुळांच्या कामामुळे गाड्याच बंद होत्या. त्यांच्या बदली बस होती आणि बसच्या ड्रायव्हरने माझ्या सायकलकडे पाहून नुसती मान हलवली. सकाळभर मला ढकलत आणलेला नैर्ऋत्येचा वारा आता छातीवर घेत तीसेक किलोमीटर परत जायचं होतं. फेन्समध्ये वाऱ्याला अडवायला काही नसतं. तासभर मान खाली घालून पायडल मारली आणि मागे वळून पाहिलं, तर कॅथीड्रल अजून होतं तेवढंच मोठं दिसत होतं.

त्या संध्याकाळपासून मी एकच नियम पाळतो. एका दिवसाची फेरी आखताना आधी परतीची वाट आखायची, जाण्याची नंतर. निघताना पाय ताजे असतात, पोट भरलेलं असतं, ऊन कोवळं असतं. जे काही बिघडायचं ते उत्तरार्धात बिघडतं. म्हणून चढ, वारा, उजेड, गाडी आणि भूक या पाचांचा हिशेब परतीच्या बाजूने मांडावा.

हा लेख शर्यती मारणाऱ्यांसाठी नाही. नोकरी-शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये आलेले, किंवा उन्हाळ्यात मुलांकडे मुक्कामाला आलेले, ज्यांनी कधीकाळी पुण्या-सांगलीत सायकल हाणली आहे आणि ज्यांना सुट्टीच्या दिवशी मॉल सोडून दुसरं काही पाहायचं आहे, त्यांच्यासाठी आहे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे निम्मी भीती इथेच संपते.

अंतर किती धरावं?

इथल्या पाट्यांवर अंतर मैलांत असतं. मैल म्हणजे १.६ किलोमीटर. पाटीवरचा आकडा पाहून ‘दहाच तर आहेत’ असं म्हणू नका, ते सोळा निघतात.

सवय नसलेल्या माणसाने पहिल्या फेरीला २५ ते ३० किलोमीटर धरावेत. सपाटीवर ताशी १५ किलोमीटर हा आरामाचा वेग. म्हणजे दोन तासांचं काम. पण फोटो, चहा, चुकलेलं वळण, बंद फाटक आणि ‘इथे जरा बसू या’ हे सगळं धरून चार-पाच तास मोकळे ठेवा.

अंतरापेक्षा चढ जास्त दमवतो. ब्रिटनमध्ये डोंगर उंच नाहीत, पण रस्ते जुने आहेत. आपल्या घाटांसारखी वळणं घेत चढण्याऐवजी हे गल्लीवजा रस्ते सरळ टेकडीच्या अंगावर जातात. डेव्हनमध्ये तर समुद्रकाठाने दिवसभर वर-खाली करता करता एखादा गड चढून झालेला असतो. साधा ठोकताळा असा: दहा किलोमीटरमागे एकूण चढ १०० मीटरच्या आत असेल तर फेरी सोपी, २०० च्या घरात गेला तर मांड्या भरून येणार. फोनवरची मार्ग आखणारी अ‍ॅप्स हा आकडा दाखवतात. तो फेरीच्या पहिल्या निम्म्यात किती आणि दुसऱ्या निम्म्यात किती, हे पाहायला विसरू नका. मोठा चढ शेवटच्या पाच किलोमीटरांत येत असेल, तर तीच फेरी उलट्या दिशेने करा.

नकाशा वाचायला शिका

फोन असला तरी ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा एकदा तरी टेबलावर पसरून पाहा. गुलाबी मुखपृष्ठाची लँडरेंजर मालिका १:५०,००० प्रमाणात असते आणि दिवसाच्या सायकलफेरीला अगदी बेताची असते. नारिंगी एक्सप्लोरर १:२५,००० प्रमाणात असते. तिच्यात शेतांच्या कडासुद्धा दिसतात, पण दोन तासांत आपण कागदाबाहेर जातो.

या नकाशांवर रस्त्याच्या रेषेत छोटे बाण असतात. एक बाण म्हणजे सात ते पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढवणारा रस्ता. दोन बाण म्हणजे त्याहूनही खडा. बाणाचं टोक उताराकडे असतं. दोन बाणांच्या रस्त्यावर वर जाताना उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. खाली येताना मात्र ब्रेक चांगले हवेत.

रस्त्यांची निवड सोपी आहे. ‘ए’ क्रमांकाचे रस्ते टाळा, ‘बी’ क्रमांकाचे नाइलाजाने घ्या आणि नकाशावरच्या बारीक पिवळ्या रेषा शोधा. त्या म्हणजे लेन्स, म्हणजे गावाला गाव जोडणारे अरुंद रस्ते. खरी मजा तिथेच आहे.

वाटांचे हक्कही समजून घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘फुटपाथ’ अशी पाटी असलेली शेतातली पायवाट फक्त चालणाऱ्यांची आहे. तिथे सायकल चालवायची नाही. ‘ब्रायडलवे’ म्हणजे घोड्यांची वाट. १९६८ च्या कायद्याने तिथे सायकलला परवानगी दिली, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची या अटीवर. पावसानंतर ब्रायडलवे म्हणजे चिखलाचा राडा असतो, हेही ध्यानात असू द्या. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तिथे २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिला आहे आणि त्यात सायकलही येते.

निळ्या पाटीवर लाल चौकोनात आकडा दिसला, तर तो नॅशनल सायकल नेटवर्कचा मार्ग. हे जाळं उभारणाऱ्या सस्ट्रान्स या संस्थेची सुरुवात १९७७ मध्ये ब्रिस्टलच्या सायकलप्रेमींनी केली. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर त्यांनी सायकलवाटा केल्या. ब्रिस्टल ते बाथ ही १३ मैलांची वाट त्यातली पहिली मोठी. रेल्वेच्या कपातीवरच्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे रेल्वेमार्ग बंद झाले. गावं तेव्हा हळहळली, पण आज त्यातल्या कित्येक मार्गांवर आपण पायडल मारतो. वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नसे, म्हणून या वाटा मुळातच सौम्य आहेत. मुलं किंवा आई-बाबा बरोबर असतील तर डोळे मिटून अशी वाट निवडा. पीक डिस्ट्रिक्टमधली मॉन्सल ट्रेल आणि टिसिंग्टन ट्रेल, कॉर्नवॉलमधली कॅमल ट्रेल या तिघीही अशाच. तिथे सायकली भाड्यानेही मिळतात.

गाडी, तीही रविवारची

रेल्वेत सायकल नेण्याचे पैसे बहुधा पडत नाहीत, पण नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांत सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते. मोठ्या शहरांकडे सकाळी जाणाऱ्या आणि संध्याकाळी निघणाऱ्या गर्दीच्या गाड्यांत पूर्ण आकाराची सायकल घेत नाहीत. घडीची सायकल मात्र सहसा कुठेही चालते.

रुळांची कामं प्रामुख्याने शनिवार-रविवारी काढतात आणि बदली बसमध्ये सायकल मिळेलच याचा भरवसा नसतो. म्हणून तीन गोष्टी करा. निघण्याच्या आदल्या रात्री परतीच्या गाडीची खात्री करा. शेवटच्या गाडीवर बेत न आखता तिच्या आधीच्या गाडीवर आखा. आणि शक्य तर गाडी जाताना वापरा, येताना सायकलने घराकडे या. मग काही बिघडलं तरी प्रत्येक पायडल घराच्या दिशेने पडत असते.

वारा आणि उजेड

ब्रिटनमध्ये वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून येतो. निघताना तो तोंडावर घ्या आणि येताना पाठीवर. सकाळी थोडं कुरकुरायला होईल, पण संध्याकाळी तोच वारा घरी पोहोचवेल. हवामानाच्या अंदाजात पावसाचं चित्र सगळे पाहतात, वाऱ्याचा वेग आणि दिशा फार थोडे. फेन्ससारख्या उघड्या मुलखात समोरून जोराचा वारा असेल, तर ताशी १५ चे सहज दहा होतात.

पावसाचा फार बाऊ करू नका. इथला पाऊस आपल्या आषाढासारखा कोसळत नाही, सरीवर सर येऊन जातो. पण भिजल्यावर वारा लागला की हुडहुडी भरते. हलकं, मुठीत मावणारं जॅकेट जुलैमध्येही जवळ असावं. मडगार्ड नसतील तर बसवून घ्या, नाहीतर पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो.

जूनमध्ये लंडनला रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य बुडतो. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतो. मी ते दिवसाही लावतो, कारण झाडांच्या बोगद्यासारख्या लेनमध्ये भर दुपारीही काळोखी असते. हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण हायवे कोड ही इथली वाहतूक-नियमावली ते घालायला सांगते, आणि मीही.

लेनमधले शिष्टाचार

लेन दिसायला शांत असते, पण पांढऱ्या गोलावर काळी तिरपी पट्टी असलेली पाटी दिसली तर तिथे मोटारीला ताशी ६० मैलांची मुभा असते, रस्ता एकाच मोटारीच्या रुंदीचा असला तरी. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच कुंपण आणि पुढचं वळण आंधळं. अशा जागी कडेला चिकटून जाऊ नका. हायवे कोडच्या २०२२ च्या बदलांत शांत रस्त्यावर सायकलस्वाराने आपल्या लेनच्या मध्यातून जावं, म्हणजे तो लांबून दिसतो, असं स्पष्ट म्हटलं आहे. मागून मोटार आली आणि जागा सुरक्षित असली, की बाजूला होऊन तिला जाऊ द्या. सायकलला ओलांडणाऱ्या मोटारीने ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात निदान दीड मीटर अंतर ठेवावं, असंही त्यात आहे. अरुंद रस्त्यावर मध्ये मध्ये ‘पासिंग प्लेस’ म्हणून रुंद जागा असतात. समोरून ट्रॅक्टर आला तर तिथे थांबा. ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. तो नमस्कार असतो, तुम्हीही हात वर करा.

घोडा दिसला तर वेग कमी करा आणि लांबूनच मोठ्याने ‘हॅलो’ म्हणा. माणसाचा आवाज घोड्याला ओळखीचा असतो, मागून चुपचाप आलेलं चाक त्याला बुजवतं. मग भरपूर जागा सोडून सावकाश पुढे जा. फाटक जसं असेल तसं ठेवा: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी लागली, तर ती गुरं अडवण्यासाठी असते. ती सरळ, हँडल न वळवता ओलांडा. ओली असेल तर उतरून चालत जा. न्यू फॉरेस्टमध्ये घोडे आणि गाढवं मोकळी फिरतात. ती रानटी नाहीत, तिथल्या रहिवाशांच्या मालकीची आहेत. त्यांना काही खायला घालू नका.

काटे आणि पंक्चर

आपल्याकडे पंक्चरला खिळा लागतो, इथे कुंपण पुरतं. शेतांच्या कडेची ही कुंपणं बहुतेक हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपांची असतात. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट, इंग्लंडमध्ये ती छाटायला साधारणपणे मनाई आहे. म्हणजे सप्टेंबर उजाडला की यंत्रं निघतात आणि छाटलेले काटे रस्त्यावर विखुरतात. रस्त्यावर ताजा हिरवा चुरा दिसला तर उतरून सायकल उचलून न्या.

एवढं करूनही पंक्चर झालंच, तर रस्त्यावर ठिगळ लावत बसू नका, ट्यूब बदला. जुनी ट्यूब काढली, की नवी घालण्यापूर्वी टायरच्या आतून हाताचं बोट हळूहळू, पूर्ण गोल फिरवा. ब्लॅकथॉर्नचा काटा बाहेरून दिसत नाही. रबरात मोडून बसलेला असतो आणि आतल्या बाजूला तिळाएवढं टोक टोचतं तेव्हाच कळतो. तो काढला नाही तर पन्नास मीटरवर नव्या ट्यूबचीही तीच गत. एकदा माझी झाली आहे, आणि जवळ दुसरी ट्यूब नव्हती.

म्हणून पिशवीत एवढं हवंच: दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, अ‍ॅलन चाव्यांचा जुडगा, कुलूप, दिवे, जॅकेट, थोडी रोकड आणि चार्ज केलेली बॅटरी. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क जातं. सायकल महागडी लागत नाही. जरा जाड टायरची साधी हायब्रिड पुरते. निघण्याआधी हवा, ब्रेक आणि चेन एवढं तपासा.

पोटोबा

गावातला पब हे उत्तम ठिकाण, पण त्याच्या स्वयंपाकघराची वेळ असते. बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन-अडीचला ते बंद होतं, मग फक्त पेयं आणि वेफर्स. म्हणून दुपारचा मुक्काम एक वाजता गाठायचा या बेताने निघा. ऑर्डर बारवर जाऊन द्यायची असते, टेबलाशी बसून वाट पाहत राहाल तर बसूनच राहाल. शाकाहारी माणसाला सूप, भाजलेला बटाटा, चीज-पाव-लोणच्याचं प्लाउमन्स लंच यातलं काहीतरी मिळतं. पिऊन सायकल चालवणं हाही इथे गुन्हा आहे, तेव्हा सोडा-लिंबू बरं. चहाची दुकानं चार-साडेचारला आवरायला लागतात. लहान गावात तर दुकानच नसतं.

त्यामुळे डबा हवाच. दशमी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे. सायकलच्या दुकानातल्या ऊर्जावड्यांपेक्षा ही शिदोरी स्वस्त आणि चवीची. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. परतीसाठी एक लाडू राखून ठेवा. पाऊस आला तर गावातल्या चर्चच्या दाराशी छपराखाली बाक असतो, तिथे बसून खायला कोणी हरकत घेत नाही. खरकटं मात्र बरोबर न्या.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हीच कुंपणं जेवू घालतात. ब्लॅकबेरीने लगडलेल्या जाळ्या पाहून करवंदं आठवली नाहीत असा मराठी माणूस मला भेटलेला नाही. कमरेच्या वरची तोडा. खालची कुत्र्यांच्या उंचीची असतात.

एक नमुना: बाथची दोन बोगद्यांची फेरी

पहिल्यांदाच जात असाल तर मी बाथला जा म्हणेन. लंडनहून दीडेक तास, आणि स्विंडनहून, जिथे गोव्याची मंडळी मोठ्या संख्येने राहतात, अर्ध्या तासाच्या आसपास. फेरी साधारण १३ मैलांची, म्हणजे २१ किलोमीटर. स्टेशनवरून निघून स्टेशनलाच येते.

आधी नदीकाठाने पश्चिमेकडे जाऊन जुन्या सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेच्या वाटेला लागा. हा मार्ग १९६६ मध्ये बंद झाला आणि २०१३ मध्ये सायकलींसाठी उघडला. चढ आहे, पण इंजिनाला झेपणारा. आधी डेव्हनशायर बोगदा, मग दरीतला हिरवा तुकडा आणि नंतर कूम डाउनचा बोगदा. त्याची लांबी १,६७२ मीटर. आत दिवे आहेत, पण उन्हाळ्यातही गारवा असा की जॅकेट चढवावं. चालणारेही असतात, तेव्हा सावकाश. या बोगद्याला धूर बाहेर जायला झरोकाच नव्हता. १९२९ मध्ये एका मालगाडीचे चालक आत धुराने बेशुद्ध पडले, गाडी तशीच उताराला लागून बाथच्या यार्डात आदळली आणि तिघे गेले. आज त्याच अंधारातून मुलं ‘ओ’ देत जातात आणि भिंती ‘ओ’ देतात.

बाहेर पडलं की मिडफर्ड. इथे पब आहे. मग २४ क्रमांकाच्या मार्गाने मंक्टन कूमकडे. फेरीतला त्रासाचा तुकडा हाच, गावरस्त्याचे चढ-उतार. धाप लागली तर ढकला. तो संपला की डंडास जलसेतू. जॉन रेनी या अभियंत्याने बांधलेला, १८०५ मध्ये पुरा झालेला. केनेट अँड एव्हन कालवा त्यावरून नदी ओलांडतो. रेलिंगशी उभं राहून खाली पाहिलं तर नदी, आणि पाठीमागे त्याच उंचीवर बोट चाललेली.

इथून बाथपर्यंत कालव्याचा काठ. पूर्वी घोडे याच वाटेने बोटी ओढत. तेव्हा दोरांनी घासून पडलेल्या खाचा अशा कालव्यांवरच्या कितीतरी पुलांच्या कोपऱ्यांवर अजून आहेत, बोट घालून पाहता येतात. कालव्याच्या काठावर पहिला मान चालणाऱ्यांचा. घंटी वाजवा, हळू जा आणि पुलाखालून जाताना डोकं सांभाळा.

ही फेरी मी सगळ्यांना सुचवतो ती तिच्या उत्तरार्धासाठी. डंडासपासून बाथच्या वरच्या लॉकपर्यंत कालव्याला एकही लॉक, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारा हौद, नाही; म्हणून पाण्याची पातळी सगळीकडे एकच. सात-आठ किलोमीटर ना चढ, ना उतार. शेवटी लॉकच्या पायऱ्या-पायऱ्यांनी पाणी नदीकडे उतरतं आणि त्याच्या बरोबर तुम्हीही. दमलेल्या पायांना स्टेशन दिसतं ते उताराच्या तळाशी. हीच फेरी उलट्या दिशेने केली, तर आधी कालव्याचं सोपं सुख आणि मग दमल्यावर मंक्टन कूमचे चढ.

तर येत्या रविवारी बेत ठरला, की आधी परतीच्या गाडीचं वेळापत्रक उघडा. नकाशा त्यानंतर.